गाडीची बॅटरी म्हातारी झाली, हे कशावरून ठरवायचं?

सहावा सेल

गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीबद्दल दोनच सल्ले सगळीकडे मिळतात. एक, 'तीन वर्षं झाली, बदलून टाका.' दुसरा, 'सेल्फ घेतेय ना, मग चालू द्या.' पहिल्यात चांगली बॅटरी भंगारात जाते, दुसऱ्यात गाडी नको तिथे उभी राहते. मोजून ठरवणं शक्य असतं आणि त्याला फार महाग साधनं लागत नाहीत. त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना देतो. साधी, पाणी घालायची बॅटरी. ४५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता), लेबलवर ४०० सीसीए (थंडीत सेल्फसाठी देता येणारा करंट, एसएई मानकाने), वय साडेचार वर्षं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी टर्मिनलवर १२.३८ व्होल्ट. सेल्फ मारताना आकडा ९.५ पर्यंत उतरतो. इंजिन चालू झाल्यावर १४.२. हातातल्या टेस्टरवर २५५ सीसीए. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा डोळा हिरवा. गाडी रोज सुरू होते. हवामान २५ अंशांच्या आसपास.

बदलायची का? आणि हो किंवा नाही म्हणण्याआधी अजून काय बघायचं?

तारजोड

पहिल्याच आकड्यावर थांबा. १२.३८ म्हणजे बॅटरी जेमतेम ६५ टक्क्यांच्या आसपास भरलेली. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर घेतलेले पुढचे दोन्ही आकडे, ९.५ आणि २५५, निकालासाठी धरता येत नाहीत. बॅटरी म्हातारी असली तरी ते असे येतील आणि नुसती उतरलेली असली तरी असेच येतील.

साध्या बॅटरीचं विश्रांतीतलं व्होल्टेज ढोबळमानाने असं:

१२.६५ किंवा वर – पूर्ण भरलेली
१२.४५ – पाऊण
१२.२५ – निम्मी
१२.०५ – पाव
११.९ – रिकामी

एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरांत शोषलेली बंद बॅटरी) असेल तर प्रत्येक आकडा थोडा वर धरा. पूर्ण भरलेली एजीएम १२.८ च्या पुढे दाखवते.

इथे 'विश्रांती' हा शब्द महत्त्वाचा. गाडी बंद केल्या केल्या मीटर लावला तर थकलेली बॅटरीसुद्धा १२.८ किंवा १२.९ दाखवते. तो प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज असतो, आतला नव्हे. किमान सहा तास गाडी बंद हवी, दार उघडलेलं नको, कारण दार उघडलं की दिवे आणि कंट्रोल युनिटं जागी होतात. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा.

आता क्रम. बॅटरी चार्जरवर लावा. ४५ एएचला ४ ते ५ अँपिअर पुरेत, व्होल्टेज १४.४ च्या आसपास. करंट घटत घटत अर्धा ते एक अँपिअरवर आला आणि पुढचे दोन तास तिथेच राहिला की बॅटरी भरली. निम्म्या उतरलेल्या बॅटरीला यात आठ ते बारा तास सहज जातात. मग निगेटिव्ह क्लॅम्प (खुंटावर बसणारं केबलचं टोक) काढून ठेवा आणि बारा तासांनी मोजा. तीन दिवसांनी पुन्हा मोजा. क्लॅम्प काढलेला असताना धडधाकट बॅटरी तीन दिवसांत ०.०१ ते ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त खाली येत नाही. तेवढ्याच काळात ०.१ किंवा जास्त उतरली तर ती आतल्या आत गळतेय. मग गाडीत दोष शोधायला जाऊ नका, बॅटरी बदला.

भरून विश्रांती दिल्यावरही आकडा १०.५ च्या आसपास थांबला तर एक सेल मेला. सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट. एक गेला की उरतात पाच. ती पुन्हा पुन्हा चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे, कारण उरलेले पाच सेल ओव्हरचार्ज होऊन गरम होतात आणि हायड्रोजन सोडतात.

दहा नंबरचा पाना

वरच्या क्रमाशी सहमत, पण चार्जर लावण्याआधी पाच मिनिटांचं एक काम आहे. बॅटरी मेली म्हणून बदलल्या जाणाऱ्यांत कितीतरी बॅटऱ्या चांगल्या असतात, मेलेला असतो तो जोड.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.१ च्या वर गेला तर तो जोड खराब. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हीकडे करा. मग निगेटिव्ह खुंट ते इंजिन ब्लॉक: ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल. पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फ मोटरचा मोठा बोल्ट: ०.५ च्या आत.

क्लॅम्पवर पांढरी-निळसर बुरशी असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओता. फसफसून थांबलं की साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत करा. बॅटरीची झाकणं घट्ट असल्याशिवाय सोडा ओतू नका, आत गेला तर तो ॲसिड मारतो. पेट्रोलियम जेली क्लॅम्प कसल्यानंतर बाहेरून लावायची, आधी नाही.

सेल्फचा आवाजही ऐका. भराभर टकटकटक आवाज म्हणजे व्होल्टेज कोसळतंय: बॅटरी उतरलेली किंवा जोड खराब. एकच 'टक' आणि डॅशबोर्डचे दिवे जसेच्या तसे प्रखर, तर संशय सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा स्विच). एकच 'टक' आणि दिवे विझल्यासारखे, तर पुन्हा बॅटरी किंवा क्लॅम्प.

चौथा गिअर

हिरव्या डोळ्याबद्दल. तो सहापैकी एकाच सेलमध्ये असतो. आतली हिरवी गोळी ॲसिडच्या घनतेवर तरंगते. साधारण ६५ टक्के चार्ज असला तरी ती वर येते. म्हणजे हिरवा डोळा इतकंच सांगतो की या एका सेलमध्ये बरा चार्ज आहे. बाकी पाच सेलांबद्दल आणि बॅटरी करंट किती देऊ शकते याबद्दल काहीच नाही. काळा म्हणजे चार्ज करा. फिकट किंवा पारदर्शक म्हणजे पाणी खाली गेलंय.

लांब पल्ला

एक शंका. चार्जर प्रत्येकाकडे नसतो. तासभर गाडी हायवेला पळवली तर बॅटरी भरत नाही का?

तारजोड

पूर्ण नाही भरत. शिसे-आम्ल बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर करंट घेते, पुढचे २० टक्के ती स्वतःच्या गतीने घेते आणि त्याला कित्येक तास लागतात. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही, कारण अडवणूक बॅटरीच्या आत आहे. तासाभराने बॅटरी ८० ते ८५ टक्क्यांवर आली तर खूप झालं. गाडी चालवण्यापुरतं ते ठीक, चाचणीसाठी नाही. आणि पार उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणं अल्टरनेटरलाही त्रासाचं: तो बराच वेळ पूर्ण क्षमतेने चालून तापतो.

इथेच एक गैरसमज काढतो. 'छोट्या फेऱ्यांत सेल्फ मारल्याने बॅटरी संपते' असं म्हणतात. हिशोब करा: २०० अँपिअर एक सेकंद म्हणजे ०.०६ एएचसुद्धा नाही. अल्टरनेटर ते मिनिटा-दोन मिनिटांत परत भरतो. बॅटरी रिकामी होते ती गाडी उभी असताना चालू राहणाऱ्या बारीक करंटमुळे आणि आयडलिंगला पंखा, दिवे, काच तापवणारी जाळी एकाच वेळी चालू असल्यामुळे. छोट्या फेऱ्या तो खड्डा कधीच भरू देत नाहीत, हा त्यांचा दोष.

प्लेट आणि ॲसिड

बॅटरी म्हातारी का होते हे कळलं तर आकडे पाठ करावे लागत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं कारण सल्फेशन. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते लगेच चार्ज केलं तर परत विरघळतं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट उतरलेली राहिली तर त्याचे खडे मोठे आणि कडक होतात. ते मग करंट घेतही नाहीत, देतही नाहीत. १२.४ च्या खाली राहणाऱ्या बॅटरीत हे हळूहळू चालूच असतं. नमुन्यातली बॅटरी रोज सकाळी १२.३८ दाखवत असेल तर ती रोज थोडी मरतेय, गाडी सुरू होत असली तरी.

दुसरं, पॉझिटिव्ह प्लेटमधल्या जाळीचा गंज. हा थांबवता येत नाही आणि उष्णतेने वाढतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक झिजेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. त्यामुळे बॅटरीला मारतो उन्हाळा आणि ते उघडकीस येतं थंडीत. थंडीत बॅटरी कमी करंट देऊ शकते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त करंट लागतो. उष्ण हवेत, बोनेटखाली तापत असलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. तीच सौम्य हवेत, भरलेली ठेवली तर पाच-सहा वर्षं जाते. म्हणून 'किती वर्षांनी' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. बॅटरीभोवती कारखान्याने दिलेलं उष्णतारोधक आवरण असेल तर ते बदलताना फेकून देऊ नका, ते त्यासाठीच असतं.

तिसरं, प्लेटांवरचा माल सुटून तळाशी बसणं. याला हादरे कारणीभूत. बॅटरीची पट्टी सैल असेल तर हे फार लवकर होतं. तळाचा गाळ दोन प्लेटांना जोडू लागला की सेल शॉर्ट होतो. अशी बॅटरी काल ठीक असते आणि आज एकदम मेलेली, कुठलीही पूर्वसूचना न देता.

आता हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं साधन नाही. पूर्ण चार्जनंतर सहाही सेलांची ग्रॅव्हिटी (पाण्याची १००० धरून ॲसिडची घनता) घ्या. १२६५ ते १२८० म्हणजे भरलेला सेल, १२२५ म्हणजे पाऊण, ११९० म्हणजे निम्मा. एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक बोलतो. सहाही १२०० असतील तर बॅटरी नुसती उतरलेली असेल, पुन्हा चार्ज करून बघा. पण १२६०, १२५५, १२६०, ११९०, १२५५, १२६० असं आलं तर चौथा सेल गेला. सर्वांत वरच्या आणि खालच्या सेलमध्ये ५० किंवा जास्त अंतर असेल तर पुढच्या चाचण्यांची गरज नाही, बॅटरी बदला. पाणी नुकतंच घातलं असेल तर आधी चार्ज करून ते मिसळू द्या, नाहीतर हायड्रोमीटर वरचं पाणीच मोजतो.

पाणी म्हणजे फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड कधीच घालायचं नाही. बॅटरीतलं ॲसिड उडून जात नाही, पाणीच जातं. ॲसिड घातलं की ग्रॅव्हिटीचा आकडा छान दिसतो आणि प्लेटा लवकर खाल्ल्या जातात. चार्जिंगआधी पातळी प्लेटा बुडतील इतकीच करा, खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरा. प्लेटांचा वरचा भाग बराच काळ उघडा पडला असेल तर तो भाग कायमचा गेला, पाणी घालून तो परत येत नाही.

लांब पल्ला

हे सगळं मान्य, पण आता दुसरी बाजू मांडतो. आजच्या गाडीत बॅटरी हळूहळू थकल्याची चाहूल लागतच नाही. जुन्या इंजिनांचा सेल्फ आठवडाभर रडायचा, मग बॅटरी जायची. आता इंजेक्शन इतकं अचूक असतं की इंजिन अर्ध्या फेऱ्यात पकडतं, त्यामुळे बॅटरी ५० टक्के क्षमतेवर आली तरी कळत नाही. आणि शेवटी शॉर्ट सेलने जाणार असेल तर कालची चाचणीही काय सांगणार?

ज्यांची गाडी रात्री-अपरात्री चालते, ज्यांचा प्रवास वस्तीपासून दूर असतो किंवा ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, त्यांनी ठरावीक वयानंतर बदलणंच योग्य. मी म्हणेन उष्ण हवेत तीन-साडेतीन वर्षं, सौम्य हवेत पाच. तिथे बॅटरीचं उरलेलं एखादं वर्ष सोडून द्यावं.

सहावा सेल

@लांब पल्ला, तुमचा मुद्दा रास्त आहे. चाचणी झीज पकडते, अचानक शॉर्ट होणं पकडत नाही. पण वयाचा नियमही एक गोष्ट पकडत नाही: दीड वर्षाची बॅटरी, जी पार्किंगमध्ये महिना-महिना उभी राहून सल्फेट झालेली असते. तिला वयाच्या भरवशावर अजून दोन वर्षं दिली तर ती दगा देणार.

म्हणून मी असं म्हणेन: वयाने चाचणीची तारीख ठरवावी, चाचणीने बदलीची. उष्ण हवेत दुसऱ्या वर्षापासून, इतरत्र तिसऱ्या वर्षापासून वर्षातून दोनदा, उन्हाळा संपल्यावर आणि थंडी सुरू होण्याआधी. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत निकाल 'जेमतेम' आला तरी बदलावी. शहरात, रोज चालणाऱ्या गाडीत 'जेमतेम'ला पुढच्या चाचणीपर्यंत थांबता येतं.

मिलीव्होल्ट

बॅटरी सकाळी १२.३८ का असते, हे कोणी विचारलं नाही. नवीन घालून दोन महिन्यांत तिचीही हीच गत झाली तर?

गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजा. बहुतेक गाड्यांत २० ते ५० मिलीअँपिअर ठीक. ४५ एएचच्या धडधाकट बॅटरीतून ३० मिलीअँपिअर दहा दिवस गेले तर ७.२ एएच, म्हणजे १६ टक्के उतरली. गाडी आरामात सुरू होईल. पण म्हातारपणी जिची खरी क्षमता २२ एएच उरली आहे, तिचा त्याच दहा दिवसांत एक तृतीयांश भाग जातो. 'सुट्टीवरून आलो आणि गाडी सुरू होईना' या तक्रारीत पुष्कळदा करंट नेहमीचाच असतो, बॅटरीच लहान झालेली असते.

मोजायची पद्धत: बोनेट उघडा आणि त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला. ज्या दारातून फ्यूजबॉक्सपर्यंत पोचायचं त्याचंही तसंच करा, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा, विशेषतः बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर. मग पाऊण ते एक तास थांबा. सगळी कंट्रोल युनिटं झोपायला तेवढा वेळ लागतो. पाच मिनिटांत मोजून 'दोन अँपिअर खातेय' असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

मीटर निगेटिव्ह केबलमध्ये सिरीजमध्ये लावता येतो, १० अँपिअरच्या भोकात. तो लावलेला असताना सेल्फ मारला किंवा इग्निशन चालू केलं तर मीटरचा फ्यूज जातो. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे मिलीव्होल्टवर मीटर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर काड्या टेकवायच्या. आकडा शून्य तर त्या फ्यूजमधून करंट नाही. आकडा दिसला तर आहे. फ्यूज काढावा लागत नाही, त्यामुळे झोपलेलं युनिट जागं होत नाही. नंतर लावलेला कॅमेरा, ट्रॅकर, ॲम्प्लिफायर, ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) भोकात कायम अडकवलेलं यंत्र, हे आधी तपासा.

चौथा गिअर

चार्जिंगचं व्होल्टेज १४.२ ठीक आहे, पण नव्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार १२.५ ते १५ च्या मध्ये कुठेही चालतो. एकदा १२.८ दिसला म्हणून अल्टरनेटर गेला असं नाही. हेडलाइट लावा, गाडी चालवून पुन्हा बघा. जुन्या पद्धतीच्या गाडीत मात्र सगळे दिवे लावून, इंजिन २००० फेऱ्यांवर असताना १३.५ च्या खाली येऊ नये. सतत १५ च्या वर असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, तो नवी बॅटरीही उकळवून मारेल.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत कृपया कोणीही करू नका, कोणाला करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि कंट्रोल युनिटं जळतात.

तारजोड

टेस्टरबद्दल राहिलं. हातात मावणारे टेस्टर बॅटरीवर मोठा लोड टाकत नाहीत. ते बारीक सिग्नल पाठवून आतली वाहकता मोजतात आणि त्यावरून सीसीएचा अंदाज देतात. तीन चुका सर्रास होतात.

एक, मानक चुकीचं निवडणं. एसएई आणि ईएन जवळपास सारखे येतात, पण त्याच बॅटरीचा जुन्या डीआयएन मानकाचा आकडा बराच लहान असतो. लेबलवर ४०० एसएई असताना टेस्टरमध्ये डीआयएन ४०० भरलं तर चांगली बॅटरी 'बदला' म्हणून येते. दोन, चिमटे क्लॅम्पच्या बोल्टवर लावणं. ते शिशाच्या खुंटावरच लागले पाहिजेत. तीन, बॅटरी न भरता मोजणं.

टाकी आणि नळ असं धरा: व्होल्टेज पाण्याची पातळी सांगतं, सीसीए नळ किती रुंद उरलाय ते सांगतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीत लेबलच्या ८० टक्क्यांवर आकडा असेल तर निश्चिंत राहा. ७० ते ८० मध्ये लक्ष ठेवा. ७० च्या खाली बदलायची तयारी, ६० च्या खाली लगेच. पण नळ रुंद असून टाकी छोटी झालेली असू शकते. टेस्टर तिला 'चांगली' म्हणतो आणि ती दिवे लावून दहा मिनिटं टिकत नाही. म्हणून टेस्टरचा आकडा चांगला आला तरी तीन दिवसांची विश्रांतीची चाचणी चुकवू नका.

खऱ्या लोडची चाचणी करणारं यंत्र मिळालं तर: सीसीएच्या निम्मा करंट, म्हणजे इथे २०० अँपिअर, १५ सेकंद. २० अंशांच्या आसपास व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. ही चाचणी पाऊणपेक्षा कमी भरलेल्या बॅटरीवर करू नका.

सहावा सेल

नमुना पुढे नेतो. वरच्या क्रमाने चाचण्या केल्यावर आकडे असे धरा. क्लॅम्पवर ०.०४, अर्थिंग ०.०९. म्हणजे जोड उत्तम. बंद गाडीचा करंट २८ मिलीअँपिअर. पूर्ण चार्जनंतर बारा तासांनी १२.५१, तीन दिवसांनी १२.४३. सेल्फ मारताना ९.७. टेस्टरवर २६२. ग्रॅव्हिटी पाच सेलांत १२४० च्या आसपास, सहाव्यात १२०५.

प्लेट आणि ॲसिड

मग बदला. सहाव्या सेलचं अंतर ३५ आहे, ५० च्या आत, त्या एका आकड्यावर मी फाशी दिली नसती. पण भरूनही १२.६ गाठत नाही, मोकळी ठेवून तीन दिवसांत ०.०८ उतरते, सीसीए ६५ टक्क्यांवर आणि चार्ज केल्याने तो २५५ वरून जेमतेम २६२ झाला. चार्जने सुधारणा होत नाही म्हणजे ती उतरलेली नव्हती, झिजलेली आहे. थंडी येत असेल तर या आठवड्यात बदला. उन्हाळा सुरू होत असेल तर दोन-तीन महिने जाईल, पण शेवट तोच.

चाचणी न करता ताबडतोब बदलायच्या बॅटऱ्या वेगळ्या: पोट फुगलेली, कडेला चीर असलेली, खुंटाभोवती ॲसिड पाझरणारी किंवा खुंट हाताने हलणारी. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर ती तापून ओव्हरचार्ज झालेली आहे. चार्जर किंवा इंजिन बंद करा, हवा खेळती करा आणि नवी बसवण्याआधी चार्जिंग व्होल्टेज मोजा. गोठलेली बॅटरी कधीच चार्ज करू नका. उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते, भरलेली मात्र उणे ५० लाही गोठत नाही.

मिलीव्होल्ट

गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होणाऱ्या, म्हणजे स्टार्ट-स्टॉपवाल्यांसाठी. आयडल-बंदची सोय 'अचानक काम करेनाशी झाली' ही बहुधा बॅटरीची पहिली तक्रार असते. गाडी स्वतःच बॅटरीची तब्येत बघून ती सोय बंद ठेवते. तिथे ईएफबी (साध्या बॅटरीचा जास्त टिकाऊ प्रकार) किंवा एजीएम असते. एजीएम होती तिथे एजीएमच, ईएफबीच्या जागी एजीएम चालते, पण या दोन्हींच्या जागी साधी बॅटरी बसवली तर ती फार लवकर जाते. अनेक गाड्यांत नवी बॅटरी गाडीला 'कळवावी' लागते, स्कॅनरने नोंद करून. नाही केली तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून त्याप्रमाणे चार्ज करत राहते.

हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतही ही १२ व्होल्ट बॅटरी असते आणि ती गेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही. तिथे सेल्फ नसतो, त्यामुळे मंद सेल्फची चाहूलही नाही. @लांब पल्ला यांचा वयाचा नियम मी या गाड्यांना लावीन.

एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे तीन-चार दिवे सकाळी एकदम लागून गाडी चालल्यावर विझत असतील तर त्या सगळ्यांचे सुटे भाग शोधण्याआधी बॅटरी तपासा. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की ती युनिटं चुकीची तक्रार नोंदवतात.

लांब पल्ला

सोडवताना निगेटिव्ह आधी, बसवताना पॉझिटिव्ह आधी, एवढं माहीत आहे. नवी घेताना आणि बसवताना अजून काय बघायचं?

दहा नंबरचा पाना

क्रमाचं कारण आधी. निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. निगेटिव्ह काढला की टेकला तरी काही होत नाही.

घेताना: उत्पादनाचा महिना बघा. सहा महिन्यांपेक्षा जास्त दुकानात पडून असलेली, मध्ये चार्ज न केलेली बॅटरी घेऊ नका. तिथेच व्होल्टेज मोजायला सांगा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. जुनी शेजारी ठेवून खुंटांची बाजू जुळवा, उलट बाजूची घेतली तर केबल पोचत नाही किंवा ओढून चुकीच्या खुंटावर लागते. जपानी मापात बी२४एल आणि बी२४एलएस या दोन्हींचा आकार एकच, पण 'एस'चे खुंट जाड. बारीक खुंटावर जाड क्लॅम्प कितीही कसा, हलणारच, आणि मग पत्र्याच्या तुकड्याचे जुगाड सुरू होतात. उंचीही बघा: बोनेट बंद केल्यावर पॉझिटिव्हवर टेकता कामा नये. जागेत आणि पट्टीत नीट बसत असेल तर थोडी जास्त एएचची चालते.

बसवताना क्लॅम्प हातोडीने ठोकून खाली उतरवू नका, आत खुंटाचा जोड तुटतो. क्लॅम्पचं तोंड स्क्रूड्रायव्हरने थोडं फाका आणि बसवा. १० नंबरच्या पान्याने, हाताने फिरणार नाही इतकंच कसा. शिसं मऊ असतं. तळाची पट्टी कसली की बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघा, तसूभरही हलायला नको.

डिकीत किंवा सीटखाली असलेल्या बॅटरीला एक पातळ नळी असते, गॅस बाहेर काढणारी. जुनीची काढून नवीला लावायची ती राहून जाते. नवीच्या दोन्ही बाजूंना भोकं असतील तर एकाला नळी, दुसऱ्याला बूच. नळी राहिली तर हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ गाडीच्या आत साठते.

काच आपोआप वर जाणं बंद पडेल: बटण धरून काच पूर्ण वर नेऊन काही सेकंद तसंच धरा. स्टिअरिंगचा दिवा लागला तर बहुतेक गाड्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं अंतर चालवलं की विझतो. रेडिओला कोड लागत असेल तर तो बॅटरी काढण्याआधी शोधून ठेवा. आणि जुनी नेताना उभीच न्या, आडवी नको. अर्ध्या रस्त्यात झाकणातून गळलेलं ॲसिड डिकीचा पत्रा खातं. देवाणघेवाणीत दुकानातच द्या, शिसं वितळवून पुन्हा वापरलं जातं. ती कचऱ्यात टाकायची वस्तू नाही.

लांब पल्ला

नळीचं माहीत नव्हतं. नवी दुकानातून आणली की ती भरलेलीच असते ना, की तीही आधी चार्जरवर?

तारजोड

दुकानातली ८० ते ९० टक्के भरलेली असते. रात्रभर चार्जरवर ठेवून बसवली तर उत्तम, विशेषतः गाडी कमी चालणार असेल तर. भरल्यावर बारा तासांनी व्होल्टेज, टेस्टरवरचा सीसीए आणि सेल्फ मारतानाचा किमान आकडा, हे तीन लिहून बॅटरीवर चिकटवा, तारखेसह. पुढच्या वर्षी लेबलच्या छापील आकड्याशी नव्हे, या आकड्यांशी तुलना करा. त्याच मीटरने, त्याच टेस्टरने आणि जवळपास सारख्या हवेत.